पहिला बाक आणि अमेरिकेची दारूबंदी

८ डिसेंबर, सोमवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतं आहे, आणि उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे लेखी असावं. इतिहासाचा मास्तर आहे मी. ढाणकीत अकरावी-बारावीला शिकवतो, पुराव्याशिवाय बोलत नाही.

पहिला पुरावा म्हणजे पहिला बाक. अकरावी कलाच्या वर्गात दिवाळीपर्यंत त्यावर मुली बसायच्या, त्यात माझी पोर वर्षाही. आता तो रिकामा पडलेला असतो. पोरं मागे दाटीवाटीनं बसतील, पण पुढे कोणी येणार नाही. वर्षा तर थेट शेवटच्या बाकावर, खिडकीशी. विचारलं तर म्हणाली, "इथून फळा चांगला दिसते, सर." वर्गात ती मला सरच म्हणते, तसं आमचं ठरलेलं आहे. शेवटच्या बाकावरून फळा चांगला दिसतो हे मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरं म्हणजे सत्यशीलाबाई. राज्यशास्त्र शिकवतात. यंदा प्रकल्पासाठी मी 'अमेरिका, १९०० ते १९३३' हा विषय घेतला, तेव्हापासून बाईंना माझ्या अमेरिकेचा भारी पुळका आला आहे. आज चहाच्या वेळी म्हणाल्या, "सर, दारूबंदीचा भाग घाईत उरकू नका. पोरी घरी जाऊन सांगतात." कुणाला सांगतात, कशाला सांगतात, हे विचारायच्या आत कप घेऊन गेल्या. उपप्राचार्यांची जागा रिकामी होणार आहे आणि ज्येष्ठतेत मी त्यांच्या वर आहे, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

घसा फार बसतो आहे. बोलण्याचाच धंदा, काय करणार. पिशवीत स्टीलच्या बाटलीत औषध असतं, ते तासाच्या मध्ये थोडं थोडं घेतो. शामच्या दुकानात त्याला दुसरं नाव आहे, पण प्रमाणात घेतलं की ते औषधच. वरून बडीशेप.

११ डिसेंबर, गुरुवार

आज तास रंगला. कॅन्ससची ती बाई, जी कुऱ्हाड घेऊन दारूच्या गुत्त्यांत शिरायची आणि आरसे-बाटल्या फोडायची, ती मी अगदी हातवारे करून उभी केली. मग १९२० ची बंदी. मग बंदीची फजिती: चोरून येणारा माल, तळघरातले अड्डे, कॅनडाची सरहद्द. आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर व्हिस्की औषध म्हणून राजरोस मिळायची हेही सांगितलं. "बघता बघता सगळा देश आजारी पडला!" असं म्हणालो तेव्हा वर्ग खो खो हसला.

पण हसू जरा जास्तच लांबलं. इंद्रजित तोंडापुढे वही धरून हलत होता. दोन-तीन जण माझ्या टेबलाकडे बघत होते. टेबलावर खडू, डस्टर आणि माझी बाटली, याखेरीज काही नव्हतं. वर्षा तेवढी हसली नाही, मान खाली घालून बसली होती. विनोद कळायला वय लागतं.

मग तिनं हात वर केला. "सर, ते बाई कुऱ्हाड काहून घेत होती?"

"स्वभाव एकेकाचा," मी म्हणालो.

"तिचा पह्यला नवरा दारूनं मेला होता. मी वाचलं. तुम्ही हे सांगतलं नाई."

मी म्हणालो, "तेवढ्या खोलात परीक्षेत विचारत नाहीत," आणि पुढे सरकलो. पण माझ्या पोरीला हे वाचायला दिलं कुणी? तास संपल्यावर ती सत्यशीलाबाईंना पुस्तक परत करताना दिसली. आता तर माझ्या घरातच हात घातला.

१५ डिसेंबर, सोमवार

आज कहर झाला. दुसऱ्या तासाला बाटली तोंडाला लावली तर आत पाणी! घरून मी स्वतः भरली होती. सकाळी वर्षानं पिशवी रोजच्यासारखी हातात दिली, ती मी स्टाफरूममध्ये खुर्चीला अडकवली आणि प्रार्थनेला गेलो. प्रार्थनेला नेमकं कोण गैरहजर होतं? सत्यशीलाबाई. पेपर तपासत होत्या म्हणे.

माणूस शत्रूलाही एवढा त्रास देत नाही. तिसऱ्या तासाला फळ्यावर '१९१९' लिहिताना नऊ वाकडे आले. आणि नेमके तेव्हाच प्राचार्य गुलाबसिंग मागच्या दारानं येऊन शेवटच्या बाकावर, माझ्या पोरीशेजारी बसले. हे योगायोगानं होतं असं कोणी मला पटवून दाखवावं.

नंतर केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "संजयसर, तुमच्यासारखं शिकवणारं तालुक्यात कोणी नाई, हे मी संस्थेतही सांगतो. पण पालक येऊन राह्यले. अजून एक जण आला त मले वर सांगाच लागते. थोडी रजा घ्या. तब्येत दाखवा."

"कोणते पालक?"

"ते सोडा."

सोडतो कसा! तब्येतीचं त्यांना कोणी सांगितलं, हाच खरा प्रश्न आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घरातही वारं फिरलं आहे. पुष्पा, म्हणजे माझी बायको, पूर्वी बचत गटाच्या बैठकीला महिन्यातून एकदा जायची. आता आठवड्यातून तीनदा. काल गावातल्या पाच-सहा बाया आमच्या ओसरीवर बसल्या होत्या, सोबत माझी याडी, म्हणजे आईही. मी अंगणात पाय टाकला आणि सगळ्या एकदम तुरीच्या भावावर बोलायला लागल्या. आमच्या याडीनं, बिजलीबाईनं, जन्मात कधी तुरीच्या भावाची चौकशी केलेली नाही.

जेवताना वर्षानं विषय काढला. अकरावी झाली की दाखला काढून यवतमाळला मामाकडे राहायचं आणि बारावी तिथेच करायची. माझ्या हातातला घास तसाच राहिला. इतिहासात ती वर्गात पहिली आहे. स्वतःच्या बापाच्या वर्गातून उठून कुठे जायचं आहे तिला?

"जाऊ द्या तिले," पुष्पा म्हणाली. "तिचं मन नाई लागत तिथं."

"काहून नाही लागत? काय कमी आहे माझ्या शिकवण्यात?"

याडीनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "शिकवन्यात काईच कमी नाई, बेटा."

सत्यशीलाबाईंचं माहेर यवतमाळचं आहे. मला सगळं दिसतं आहे. आधी माझा विषय, मग माझी जागा, आता माझी पोर. पोर गेली तर मी इथे कोणासाठी शिकवायचं? हे मी कोणाला म्हणणार नाही, इथे लिहितो.

२४ डिसेंबर, बुधवार

अखेर शामकडून उलगडा झाला. शामचं सरकारमान्य देशीचं दुकान आमच्या गावात, तांड्याच्या वाटेवर आहे. मी संध्याकाळी औषध घ्यायला गेलो तर गडी कपाळाला हात लावून बसलेला.

"भाऊ, बाया बाटली आडवी करून राह्यल्या!"

गावातल्या बायांनी सह्या करून अर्ज दिला आहे. अकरा जानेवारीला गावच्या शाळेत मतदान. फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहील, आडवीवर म्हणजे जाईल. गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली पाहिजे. जी घरी बसली तिचं मत आपोआप दुकानाला.

"म्हंजे त्यायले फक्त घरी बसवलं की झालं," शाम म्हणाला. "तुमी शिकलेले हाय, भाऊ. कायतरी डोकं चालवा."

मी त्याला अमेरिका समजावून सांगितली. तेरा वर्षांत बंदी गुंडाळावी लागली त्यांना. बंदीनं कोणी सुधारत नाही, सुधारतो तो स्वतःच्या निग्रहानं. शामला पटलं. त्यानं त्या दिवशी औषधाचे पैसे घेतले नाहीत.

येताना कोडं सुटलं. बाईंचा दारूबंदीत एवढा रस का, तर हे राजकारण! माझ्या तासाचा माल घेऊन गावोगाव पुढारीपण करायचं. पुष्पाला यातलं काही कळत नाही. तिला ओढलं असणार भरीस घालून.

३ जानेवारी, शनिवार

सावित्रीबाईंची जयंती. शाळेत आयांना बोलावलं होतं. पुष्पाही आली, नवं लुगडं नेसून. स्टाफरूममध्ये शिरलो तर ती आणि सत्यशीलाबाई डोक्याला डोकं लावून बसलेल्या. पुष्पाचे डोळे लाल. मला बघून पदरानं पुसले.

"कचरा गेला," ती म्हणाली.

दोन्ही डोळ्यांत?

घरी परतताना मी मुद्दाम खोदून बघितलं. "कसला एवढा खल चालला होता?"

"तुमच्याच अमेरिकेचा. तिथं बायायले मत नव्हतं तवाच त्यायनं दुकानं बंद कराले सुरुवात केली म्हने. मंग आपल्याले त मत हाय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच त शिकवता. वर्षा रोज येऊन सांगते. आमी ओसरीवर बसून आयकतो साऱ्या. लय चांगलं शिकवता तुमी."

खरं लिहितो, बरं वाटलं. या घरात माझ्या विषयाची कदर आहे हे मला माहीतच नव्हतं. पण तरी एक शंका राहिली. एवढी कदर आहे तर सांगताना तिचा आवाज का कापत होता?

८ जानेवारी, गुरुवार

डोकं चाललं. असं चाललं की शाम पायाच पडायचा बाकी राहिला.

आमच्या तांड्यातल्या बाया एका गोष्टीला नाही म्हणत नाहीत: पोहरादेवीचं दर्शन. रविवारी पहाटे सहाला काळीपिवळी दारात उभी राहील, भाडं शामचं. पुष्पा, याडी आणि शेजारच्या बाया, गाडीत बसतील तेवढ्या. मतदान आठला सुरू होणार, तोवर आम्ही दिग्रसच्याही पुढे. परतेपर्यंत पाच वाजून गेलेले असतील. गाडी आमच्याच तांड्यातल्या देवीलालची, त्यामुळे बोभाटा नाही.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं पुष्पा आढेवेढे घेईल. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी सोता नेता? देवीले?"

"मी स्वतः."

"मंग नाई कायले म्हनू? येतो आमी."

इतक्या लगेच होकार मिळाला की माझ्यासारख्या माणसाला शंका यावी. आली. पण देवीसाठी म्हटल्यावर बायका विचार करत नाहीत, असं मनाला समजावलं.

११ जानेवारी, रविवार

लिहू नये असं वाटतं, पण लिहितोच.

सहाला गाडी आली. एकीची अंघोळ व्हायची होती. दुसरीचं लेकरू उठत नव्हतं. याडीला नारळ सापडेना, सापडला तर तो सडका निघाला. सात वाजले. देवीलाल म्हणतो, "भाऊ, थंडी लय हाय, गाडी गरम होऊ द्या." अर्धा तास ती गाडी गरमच होत होती. साडेसातला चौदा जणी कोंबून बसल्या. मी पुढे, देवीलालशेजारी, मांडीवर नारळ आणि हार.

गाडी तांड्यातून निघाली आणि शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली.

"काय झालं रे?"

देवीलालनं किल्ली काढून खिशात टाकली. मागून पुष्पाचा आवाज आला, "तिकडं जायाच्या आधी इथलं काम उरकून घेतो." आणि एक एक करून चौदाही जणी उतरल्या, पदर सावरत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत सर्वांत पुढे माझी याडी. तिचा बोटाचा ठसा घेतात एरवी. आज तिनं शिक्का हातात कसा धरायचा हे पोलिसालाच दाखवून दिलं.

मी गाडीतच बसून राहिलो. तोंड लपवायला हारच होता. तेवढ्यात कट्ट्यावरची पोरं ओरडली, "मास्तरनं गाडी भरून आनली बायायची!" टाळ्या पडल्या. रस्त्याच्या पलीकडे शाम उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. मला पाहिलं, मांडीवरचा नारळ पाहिला.

त्यानंतर आम्ही पोहरादेवीला खरंच गेलो. पुष्पानं डोळे मिटून काहीतरी मागितलं. काय मागितलं ते विचारलं तर म्हणाली, "तुमाले सांगन्यासारखं नाई."

संध्याकाळी निकाल. आडवी बाटली निम्म्यापेक्षा नऊ मतांनी पुढे. गाडीत चौदा बाया होत्या. इतिहासाच्या मास्तराला एवढं गणित येतं.

१३ जानेवारी, मंगळवार

याला अपमान म्हणायचं की सत्कार, ठरत नाही. प्रार्थनेच्या वेळी गुलाबसिंगांनी मला पुढे बोलावलं. शाल, श्रीफळ. "वर्गात अमेरिकेची दारूबंदी शिकवणारे संजयसर गावात सोता गाडी करून बायायले मतदानाले घेऊन गेले!" टाळ्या. सत्यशीलाबाई सर्वांत जास्त वाजवत होत्या, आणि गंमत म्हणजे त्या हसत नव्हत्या. डोळे भरलेले. नाटकात काम करायला हवं होतं बाईंनी.

शाल अंगावर घालताना गुलाबसिंग कानाशी म्हणाले, "आता मले वर काई सांगाची गरज नाई पडली पाह्यजे, सर." इतकं हळू, की फक्त मला आणि श्रीफळालाच ऐकू गेलं.

मी अकरावीच्या रांगेकडे बघितलं. वर्षाही टाळ्या वाजवत होती, पण हळूहळू, माझ्याकडे टक लावून. पोरीला सगळं माहीत आहे का? गाडी कोणत्या हेतूनं केली होती ते? आणि माहीत असूनही टाळ्या वाजवत होती का? हा संशय मला सर्वांत जड जातो आहे.

१७ जानेवारी, शनिवार

दुकान बंद व्हायचा आदेश अजून निघायचा आहे. पण शाम मला दारात उभं करत नाही. "गद्दार" म्हणाला, चारचौघांत. समजावणार तरी काय त्याला?

एसटीनं उमरखेडला जाऊन आलो. अमेरिकेवर एखादं पुस्तक मिळतं का बघायचं होतं. पुस्तक मिळालं नाही. औषध मिळालं. अमेरिकेतले लोक कॅनडाला जायचे ते मी पोरांना किती हसत सांगितलं होतं, ते येताना बसमध्ये आठवलं. बाजूच्या सीटवरची म्हातारी उठून पुढे जाऊन बसली. जागा मोकळी असूनही.

१९ जानेवारी, सोमवार

नीट, घडलं तसं लिहितो.

आज उठायला उशीर झाला. बाटली रात्रीच भरून पिशवीत ठेवली होती. सकाळी वर्षानं पिशवी हातात दिली, स्वतः सायकलनं पुढे गेली. एसटी चुकली, देवीलालच्या गाडीवर लोंबकळत आलो. पहिलाच तास अकरावीचा. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं नाही, पिशवी खांद्यावरून काढली नाही, थेट वर्गात.

शिकवायचं होतं १९३३, बंदी उठली ते साल. शेवटचा धडा. खडू घेतला, घसा कोरडा पडला. बाटली उघडली आणि तोंडाला लावली.

बाटलीत दारू नव्हती. पाणी होतं.

मी सवयीनं शत्रू शोधायला लागलो. सत्यशीलाबाई? त्यांनी पिशवी बघितलीही नाही आज. प्राचार्य? शिपाई? पिशवी घरून निघाली ती माझ्या खांद्यावरून या टेबलावर. मध्ये एकच हात लागला होता. आणि मग महिन्याभरापूर्वीचा तो सोमवारही आठवला. त्या दिवशीही पिशवी त्याच हातानं दिली होती.

मान वर केली. शेवटच्या बाकावर ती नव्हती. पहिल्या बाकावर होती. एकटी. कधी येऊन बसली ते मला कळलंच नाही. बाकावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते आणि ओठ पांढरे पडले होते. इतकी भ्यायलेली मी तिला याआधी पाहिली नव्हती. माझ्या पोरीला माझी भीती वाटते.

आख्खा वर्ग बघत होता. या सगळ्यांना माहीत होतं. वासाचं, बाकाचं, बडीशेपचं, सगळं. फक्त मीच पुरावे गोळा करत होतो.

मी बाटली पुन्हा तोंडाला लावली आणि पाणी प्यालो. सगळं, तळापर्यंत. छातीत लागलं, एवढं गार होतं. बाटली टेबलावर ठेवली तेव्हा वर्गात तिचाच आवाज झाला.

"वर्षा," मी म्हणालो, "पाणी संपलं. भरून आण."

ती उठली. टेबलाशी, अगदी माझ्याजवळ आली, बाटली उचलली, आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पळतच नळावर गेली. खिडकीतून मला दिसत होती. बाटली तिनं विसळली, पुन्हा विसळली, मग काठोकाठ भरली आणि डोळ्यांवर पाणी मारून घेतलं.

आत आली. बाटली टेबलावर ठेवली आणि पहिल्या बाकावर बसली.

"सांगा नं, बाबा," ती म्हणाली. "मंग पुढं काय झालं अमेरिकेत?"

वर्गात बाबा म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं. मी तिला टोकलं नाही. पुढे सांगायला लागलो.